वॉशिंग्टनचा पैसा लांबला की राज्याच्या रस्त्याचं नेमकं काय अडतं

प्रश्न असा आला आहे. विचारणारे स्थापत्य अभियंता आहेत, मूळचे सांगलीकडचे, आणि अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये पूल बांधणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंत्राटदाराकडे अंदाजपत्रकं करतात. कंपनीने दोन कामांवर भिस्त ठेवली होती. एक काउंटीचा, म्हणजे राज्याखालच्या स्थानिक सरकारचा पूल, त्याला केंद्राचं विशेष अनुदान जाहीर झालेलं. दुसरं राज्य महामार्गावरच्या जुन्या पुलाच्या दुरुस्तीचं, दोन हंगाम चालणारं. दोन्हींच्या निविदा दोनदा पुढे गेल्या. कारण विचारलं तर ‘फेडरल फंडिंग’ एवढंच उत्तर मिळतं. बातम्यांत कधी सरकार बंद असतं, कधी अनुदान गोठवलेलं असतं, कधी कायद्याची मुदत संपत असते. यातलं खरं काय अडवतं? आपल्याकडे कंत्राटदारांची बिलं थकतात तसाच हा प्रकार आहे का? आणि हे क्षेत्र सोडून दुसरीकडे जावं का?

मी बावीस वर्षं एका राज्याच्या परिवहन विभागात आहे. त्यातली चौदा वर्षं, कोणतं काम कोणत्या महिन्यात निविदेला जाणार आणि त्याचा पैसा कुठून येणार हे ठरवणाऱ्या शाखेत गेली. ज्या टेबलावरून तुमची निविदा पुढे गेली, तसल्याच टेबलावर मी बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी महाराष्ट्राची तुलना, कारण उत्तराची किल्ली तिथेच आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा काम आधी निघतं आणि पैसा मागून येतो. तरतुदीपेक्षा जास्त कामांना मंजुरी मिळते, कार्यारंभ आदेश निघतात, कंत्राटदार स्वतःचा पैसा आणि बँकेचं कर्ज घालून रस्ता करतो, आणि मग बिलासाठी खेटे घालतो. थकीत बिलांसाठी कंत्राटदारांची आंदोलनं होतात ती यामुळेच. म्हणजे सरकारच्या अनिश्चिततेचा सगळा भार कंत्राटदाराच्या बिलावर पडतो.

इथे उलटं आहे. केंद्राचा पैसा लागणाऱ्या कामाची निविदा, केंद्राच्या महामार्ग प्रशासनाने त्या कामाला लेखी अधिकृत मंजुरी दिल्याशिवाय, जाहीरच करता येत नाही. एकदा काम तुमच्या हातात आलं की दर महिन्याचं बिल राज्य स्वतःच्या तिजोरीतून देतं आणि मग केंद्राकडून आपला वाटा वसूल करतं. बहुतेक राज्यं ही वसुली आठवड्याच्या आठवड्याला करतात. म्हणून इथे बिल सहसा अडकत नाही. अडकतं ते काम, आणि तेही जन्माला यायच्या आधी. अनिश्चिततेचा भार कामांच्या यादीवर पडतो. कंत्राटदाराला तो दिसत नाही, फक्त तारीख सरकलेली दिसते. तुम्हाला कारण कळत नाही त्याचं मूळ इथे आहे.

आता हा पैसा येतो कसा ते बघू. १९५६मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या कायद्याबरोबर हायवे ट्रस्ट फंड हा निधी तयार झाला. पंपावर पेट्रोल-डिझेलवर लागणारा केंद्राचा कर मुख्यतः या निधीत जमा होतो: पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. हे दर १९९३पासून हलले नाहीत. तेव्हाच्या १८.४ सेंटांची आजची खरेदीशक्ती निम्म्याहूनही कमी उरली आहे. शिवाय गाड्या कमी इंधनात जास्त धावायला लागल्या आणि विजेवरच्या गाड्या हा कर भरतच नाहीत. त्यामुळे २००८पासून काँग्रेस, म्हणजे इथली संसद, सर्वसाधारण तिजोरीतून या निधीत भर घालत आली आहे. आजवरची ही भर सुमारे २७५ अब्ज डॉलरची आहे, त्यातले ११८ अब्ज एकट्या २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यातले. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार, काही केलं नाही तर २०२८मध्ये निधीचा तळ दिसेल. वापरणाऱ्याने भरावं आणि त्यातून रस्ता व्हावा, हे मूळ तत्त्व होतं. ते मोडलं आणि रस्त्यांचा पैसा दरवेळी राजकीय सौद्याचा विषय झाला. मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते. बाकीची दुखणी तिच्यातून निघाली आहेत.

राज्याच्या हातात पैसा पडेपर्यंत चार पायऱ्या असतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. बातमी देणारे सगळ्यांना एकच शब्द वापरतात, ‘फंडिंग’. पहिली पायरी बहुवार्षिक कायदा. सध्याचा पाच वर्षांचा आहे, १५ नोव्हेंबर २०२१ला सही झालेला, ३० सप्टेंबर २०२६ला संपणारा. दुसरी, दर वर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे इथलं आर्थिक वर्ष सुरू होतं तेव्हा, सूत्रानुसार राज्याराज्यांत होणारं वाटप. तिसरी, त्या वर्षी वाटपातला किती पैसा प्रत्यक्ष कामांना बांधता येईल, म्हणजे पक्कं वचन म्हणून देता येईल, त्याची मर्यादा. ती दर वर्षीच्या खर्चमंजुरी विधेयकात ठरते. चौथी, एका विशिष्ट कामाच्या विशिष्ट टप्प्यासाठी केंद्राने आपला वाटा बांधून देणं. याला ऑब्लिगेशन म्हणतात. साधारणपणे आंतरराज्य महामार्गावर केंद्राचा वाटा ९० टक्के आणि इतर कामांत ८० टक्के, उरलेला राज्याचा. चौथी पायरी झाली की तुमचं काम पक्कं धरायला हरकत नाही. तिच्या आधीचं सगळं हवेत.

तिसऱ्या पायरीवर काय होतं ते एका खऱ्या वर्षाच्या आकड्यांनी सांगतो. सप्टेंबर २०२४मध्ये वर्षाचं विधेयक झालं नाही. काँग्रेसने २० डिसेंबरपर्यंतचा तात्पुरता ठराव केला. १ ऑक्टोबर ते २० डिसेंबर म्हणजे ८१ दिवस. ३६५मधले ८१, म्हणून राज्याच्या हातात वर्षाच्या मर्यादेचे जेमतेम २२ टक्के. मग मार्चच्या मध्यापर्यंत दुसरा ठराव आणि मार्चमध्ये वर्षाच्या उरलेल्या काळासाठी तिसरा. कागदावर वर्षाचा पैसा कुठेही गेला नव्हता. पण तो हप्त्याहप्त्याने आला, आणि रस्त्याचं काम हप्त्याने काढता येत नाही. धरून चला, राज्याला वर्षाला १०० कोटी डॉलर बांधता येतात. पहिल्या ८१ दिवसांत २२ कोटी मिळाले. त्यात एक आंतरराज्य महामार्गाचं १५ कोटींचं काम बसवलं तर उरले ७ कोटी. डिसेंबर-जानेवारीत काढायचे वीस छोटे पूल, चौकांची दुरुस्ती, डांबरीकरण यांनी त्या ७ कोटींत भांडायचं. मोठं काम मागे ठेवावं तर त्याला दोन वर्षांचा वाहतूक आराखडा जोडलेला असतो. मग छोटी मागे जातात. दरवेळी तीच जातात.

अशाच एका छोट्या पुलाची गोष्ट सांगतो. दोनपदरी राज्य मार्ग, खाली ओढा, पूल पन्नासच्या दशकातला. खालून पाहिलं तर स्लॅबचं काँक्रीट सुटून सळया उघड्या पडलेल्या, त्यांच्यावरून गंजाचे ओघळ गर्डरवर उतरलेले. वजनमर्यादेची पाटी लागलेली. शाळेची बस जात होती, पण मक्याने भरलेले ट्रक कापणीच्या दिवसांत वळसा घालून जायचे. आराखडा तयार, जागा ताब्यात, वीजवाहिनी हलवलेली. निविदा जानेवारी २०१२ला ठरवली होती. जानेवारीच का, तर झाडांमुळे. पुलाकडे येणारा रस्ता रुंद करायचा तर ओढ्याकाठची चाळीसेक झाडं काढावी लागणार होती. आमच्या भागात इंडियाना बॅट नावाचं वटवाघूळ आहे, १९६७पासून संरक्षित. उन्हाळ्यात ते सुटलेल्या सालीखाली पिल्लं वाढवतं. त्यामुळे १ एप्रिल ते ३० सप्टेंबर झाड तोडायचं नाही. ही अट मला मनापासून मान्य आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मग हिशेब असा होतो: जानेवारीत निविदा, फेब्रुवारीत करार, मार्चअखेर झाडं आडवी, माशांच्या विणीचा काळ सरला की ओढ्यात काम, आणि थंडीच्या आत स्लॅब.

त्या हिवाळ्यात महामार्गांचा जुना कायदा तुकड्यातुकड्याने वाढवला जात होता. २००५चा हा कायदा सप्टेंबर २००९मध्ये संपला. नवा जुलै २०१२मध्ये झाला. मधल्या काळात दहा मुदतवाढी झाल्या. तेव्हा चालू असलेली मुदतवाढ ३१ मार्च २०१२पर्यंतचीच होती. अर्ध्या वर्षाचा पैसा, आणि त्यावर आधीपासून वचन दिलेली मोठी कामं. पुलाची निविदा जानेवारीहून मे महिन्यात गेली. कागदावर चार महिने. पण १ एप्रिल उलटून गेला होता. झाडं ऑक्टोबरशिवाय तोडता येईनात, म्हणजे हंगाम गेला. चार महिन्यांचा उशीर एका वर्षाचा झाला. मधल्या काळात तपासणीत पुलाची वजनमर्यादा आणखी उतरवावी लागली आणि शाळेची बसही वळशाला लागली. राज्याच्या पैशातून पुलाखाली तात्पुरते आधार उभे केले. पूल तोडला तेव्हा तेही भंगारात गेले. आणि मेमध्ये निविदा उघडली तेव्हा बोली लावणारे कमी आले, दर अंदाजाच्या वर गेला. एप्रिलपर्यंत चांगल्या कंत्राटदारांच्या टोळ्या आणि क्रेन वर्षभरासाठी बांधल्या गेलेल्या असतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

या सगळ्यात केंद्राने एक डॉलरही कापला नव्हता. आमच्या वाट्याचा पैसा पूर्ण आला. फक्त कधी येणार ते माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसण्याची किंमत आधारांच्या लोखंडात, चढ्या बोलीत आणि बसमधल्या मुलांच्या वेळेत चुकवावी लागली. लोक ‘निधी कापला’ यावर भांडतात. माझ्या अनुभवात कापलेल्या पैशापेक्षा हे माहीत नसणं जास्त महागात पडलेलं आहे. कपात झाली तर निदान यादी नव्याने लावता येते.

त्या पुलानंतर आमच्याकडे एक सुधारणा झाली. पर्यावरण मंजुरी मिळाली की झाडतोडीचं वेगळं छोटं कंत्राट राज्याच्या पैशातून हिवाळ्यातच काढायचं. मुख्य निविदा लांबली तरी हंगाम वाचतो. तुमच्या राज्यात अशी छोटी झाडतोडीची कंत्राटं निघताना दिसली तर समजा की मागे मोठं काम उभं आहे.

आता ‘सरकार बंद’ या प्रकाराबद्दल. इथे बहुतेकांची गफलत होते. २०२५च्या शरद ऋतूत खर्चमंजुरी न झाल्याने सरकार ४३ दिवस बंद होतं, पण महामार्ग प्रशासनाची कार्यालयं उघडी होती आणि राज्यांची वसुली चालू होती. कारण वार्षिक विधेयकात फक्त मर्यादा ठरते, त्यांचा पैसा त्यातून येत नाही, बहुवार्षिक कायद्याने आणि ट्रस्ट फंडातून येतो. खरा धोका तो बहुवार्षिक कायदाच संपण्याचा. मार्च २०१०मध्ये सिनेटमध्ये एका सदस्याने मुदतवाढ अडवली आणि परिवहन खात्याचे सुमारे दोन हजार कर्मचारी दोन दिवस घरी बसले. ऑक्टोबर २०२१मध्ये पुन्हा तेच झालं, तेव्हा सुमारे ३,७०० जण. दोन्ही वेळा प्रकरण दोन दिवसांत मिटलं, पण त्या दोन दिवसांत कागद हलले नाहीत. म्हणून ‘शटडाउन’च्या मथळ्याने घाबरू नका. ३० सप्टेंबर २०२६ ही तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा.

हप्त्याने येणारा पैसा आणि संपणारा कायदा या अडण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. तिसरी तऱ्हा म्हणजे निधीतली रोकडच आटणं. हे मी एकदाच जवळून पाहिलं. १ जुलै २०१४ला तेव्हाचे परिवहन मंत्री अँथनी फॉक्स यांचं पत्र सगळ्या राज्यांना आलं: ऑगस्टपासून तुमची बिलं पूर्ण चुकती होणार नाहीत, जमा होईल तेवढंच वाटू, सरासरी २८ टक्के कमी. म्हणजे झालेल्या कामाचे पैसे. तोवर आमच्या शाखेत कुणीही वसुलीच्या बाजूबद्दल काळजी केली नव्हती. त्या आठवड्यात आम्ही चालू कामांची यादी काढून बसलो, राज्याच्या तिजोरीत किती दिवसांची रोकड आहे ते मोजलं, आणि शरदातल्या निविदांवर पेन्सिलने खुणा केल्या. काँग्रेसने ऑगस्टच्या सुरुवातीला १०.८ अब्ज डॉलर टाकून वेळ मारून नेली. पण तेवढ्यात राज्यांचा विश्वास हलला होता. पुढच्या वर्षी पुन्हा मुदत जवळ आली तेव्हा आर्कान्सास आणि टेनेसीसारख्या राज्यांनी ठरलेली कामं स्वतःहून मागे घेतली. पैसा बंद झाला नव्हता, होईल अशी भीती होती. भीतीनेसुद्धा तितकंच काम थांबतं.

चौथी तऱ्हा नवी आहे आणि तुमच्या काउंटीच्या पुलाला तीच लागू पडते. सूत्रानुसार वाटला जाणारा पैसा कायद्याने बराच सुरक्षित असतो. पण २०२१च्या कायद्यात स्पर्धेतून मिळणाऱ्या अनुदानांचा वाटा खूप वाढला. यात आधी नाव जाहीर होतं, खासदार मोठ्या आकाराचा धनादेश घेऊन फोटो काढतात, पेपरात रक्कम छापून येते. प्रत्यक्षात अनुदान करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत एक सेंटही बांधला गेलेला नसतो. त्या सह्यांना वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. २०२५च्या सुरुवातीला सरकार बदललं तेव्हा जाहीर झालेली पण करार न झालेली ३,२००च्या आसपास अनुदानं परिवहन खात्यात पडून होती. नव्या मंत्र्यांनी, शॉन डफी यांनी, हा साठा आधीच्या सरकारचा म्हणून बोट दाखवलं, आणि मग एकेक फाइल नव्या धोरणाच्या चष्म्यातून तपासली गेली. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंग केंद्रांचा ५ अब्जांचा कार्यक्रम तर सूत्रावर चालणारा होता, तरी तो फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवला गेला. राज्यं न्यायालयात गेली, जूनमध्ये सिएटलच्या न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले. सहा महिने गेलेच. सूत्राचा पैसाही थांबवता येतो, असं इतक्या उघडपणे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमच्या कामातल्या गृहीतकालाच तो धक्का होता.

याच्याशी लागून अटींचा प्रश्न आहे. पैशाला अट लावणं नवं नाही. दारू पिण्याचं वय २१ करा नाहीतर महामार्गाच्या पैशातला हिस्सा कापू, असं काँग्रेसने १९८४मध्ये म्हटलं आणि १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पण ती अट कायद्यात लिहिलेली होती आणि राज्यांना आधी वेळ दिला होता. एप्रिल २०२५मध्ये मंत्र्यांच्या पत्राने स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणीत सहकार्याची अट आली. वीस राज्यं न्यायालयात गेली आणि जूनमध्ये त्यांना मनाई हुकूम मिळाला. राजकारणाची बाजू कुणी कोणतीही घ्यावी. पण पुलाच्या अंदाजपत्रकात ‘न्यायालयात काय होईल’ या जोखमीसाठी रकाना नसतो, आणि तो असू नये असं मला वाटतं.

मग राज्यं काय करतात? मुख्य हत्यार म्हणजे ॲडव्हान्स कन्स्ट्रक्शन. केंद्राची मंजुरी घ्यायची, पण पैसा बांधून न घेता काम राज्याच्या पैशाने सुरू करायचं, आणि पुढे केंद्राची मर्यादा मोकळी होईल तसं ते काम थोडंथोडं केंद्राच्या खात्यावर वळवायचं. उधारीवर घर चालवण्यासारखंच, फक्त उधारी स्वतःच्याच खिशातून. ज्यांच्या तिजोरीत रोकड आहे त्यांना हे जमतं. ऑगस्टमध्ये याचा आणखी एक फायदा होतो. वर्षअखेरीला जी राज्यं किंवा कार्यक्रम आपली मर्यादा वापरू शकत नाहीत, ती केंद्र परत घेऊन इतरांना वाटतं. २०२४मध्ये ही रक्कम ८.७ अब्ज डॉलर होती. मिळालेला पैसा सप्टेंबरअखेर बांधावाच लागतो. इतक्या कमी दिवसांत नवीन काम कुणी काढू शकत नाही, पण आधी उधारीवर काढलेली कामं एका दिवसात वळवता येतात. म्हणजे ज्याच्याकडे आधीच रोकड आहे त्यालाच जादा मिळतं. छोटी, कमी कराची राज्यं इथेही मागे राहतात, आणि मोंटाना किंवा अलास्कासारख्या राज्यांच्या रस्त्यांवरचा भांडवली खर्च तर बहुतांश केंद्राच्याच भरवशावर चालतो. भविष्यातल्या केंद्रीय पैशावर रोखे काढणं हा दुसरा मार्ग. तो मोठ्या पुलासाठी ठीक, पण एका सरकारने केलेलं कर्ज पुढच्या पंधरा वर्षांच्या डांबरीकरणातून फिटतं, म्हणून मी नेहमी हात आखडता ठेवायला सांगतो.

काउंट्या आणि छोट्या नगरांना यातलं काहीच शक्य नसतं. तिथे एकच अभियंता असतो, वर्षाचं रस्त्यांचं बजेट एका पुलाएवढं. केंद्राचा वाटा वसुलीने मिळतो, म्हणजे आधी घालायला पैसा हवा. तारीख हलली की त्यांनी बाजूला ठेवलेला २० टक्क्यांचा वाटा महागाईने अपुरा पडतो. २०२०च्या अखेरीपासून तीन वर्षांत महामार्ग बांधकामाचे दर साठ टक्क्यांहून जास्त चढले. २०२१च्या कायद्याने वाढवलेला पैसा बराचसा त्यातच विरघळला. अनुदानाची रक्कम मात्र अर्ज केला त्या दिवसाचीच राहते. वरचा फरक काउंटीने भरायचा.

आणि एक परिणाम असा, की तो आकड्यांत येत नाही पण मला सगळ्यात जास्त खुपतो. अनिश्चिततेत यादीचा स्वभाव बदलतो. एका वर्षात सुरू होऊन संपणारं काम निवडलं जातं: दोन इंच डांबराचा थर, रेलिंग, पट्टे. ज्याला दोन हंगाम लागतात, ज्याचा दुसरा हंगाम नव्या, अजून न झालेल्या कायद्यात पडतो, ते मागे ठेवलं जातं. थर टाकला की रस्ता काळाभोर दिसतो, लोक खूश होतात. खालचा पाया तसाच राहतो आणि पाच-सहा वर्षांत तीच भेग वर येते. आम्ही हे समजून-उमजून करतो, कारण हातातला पैसा परत जाऊ देणं त्याहून वाईट. पण दहा वर्षांचा हिशेब केला तर राज्याने त्याच रस्त्यावर जास्त पैसा घातलेला असतो.

आता तुमची दोन कामं. राज्य महामार्गावरच्या पुलाची दुरुस्ती दोन हंगामांची आहे, म्हणजे दुसरा हंगाम ३० सप्टेंबर २०२६च्या पलीकडे जातो. माझा अंदाज, विभागाला ते उधारीवर सुरू करून अर्धं पुढच्या वर्षीच्या मर्यादेत वळवायचं होतं आणि पुढच्या कायद्याचा भरवसा नाही म्हणून हात थांबला. अशा वेळी विभाग एक तर पूर्ण पैसा याच वर्षात बांधतो किंवा कामाचे दोन तुकडे करतो. राज्याच्या चार वर्षांच्या कार्यक्रमाचा दस्तऐवज, ज्याला इथे सगळे ‘स्टिप’ म्हणतात, सार्वजनिक असतो. त्यात तुमच्या कामाची ओळ काढा. बांधकामाच्या टप्प्यासमोर कोणतं वर्ष आहे, ॲडव्हान्स कन्स्ट्रक्शनची खूण आहे का, अलीकडे दुरुस्ती होऊन रक्कम हलली का, ते पाहा. मग जिल्हा कार्यालयात फोन करून ‘पैसा कधी येणार’ असं विचारू नका, त्याला कुणीच उत्तर देत नाही. ‘बांधकामाच्या टप्प्याची अधिकृत मंजुरी मागितली आहे का’ असं विचारा. मागितली असेल तर निविदा साधारण महिना-दोन महिन्यांवर असते.

काउंटीच्या पुलासाठी एकच प्रश्न: अनुदान करारावर सह्या झाल्या का? नसतील तर ते काम वर्षाच्या उलाढालीत धरू नका, आणि मालकांनाही तसं स्पष्ट सांगा. झालेल्या असतील तर काउंटीच्या अभियंत्याला विचारा की वाढलेल्या दराचा फरक कुठून भरणार. त्याच्याकडे उत्तर तयार असेल तर काम होणार.

क्षेत्र सोडू नका. पूल जुने होतच राहतात, आणि राज्यांनी आपापले इंधन कर वाढवायला सुरुवात केली आहे. इलिनॉयने २०१९मध्ये १९ सेंटांचा ३८ केला, कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनियाने त्याआधी वाढवले. अशा राज्यांत काम जास्त सरळ चालतं. तुमच्या कंपनीला एवढं जरूर सुचवा की निम्मी तरी कामं निव्वळ राज्याच्या पैशावरची ठेवावीत. आणि दुरुस्तीच्या त्या पुलाला बदलायचे गर्डर असतील तर कारखान्याकडून दर आणि पोहोचवायचा कालावधी आत्ताच मागवून ठेवा. निविदा अचानक निघाली तर बोलीसाठी तीन-चार आठवडेच मिळतात, आणि तेव्हा तुमच्या शेजारचे पाच कंत्राटदारही त्याच कारखान्याला फोन करत असतील.